हाताचे हँडल आणि विजेचे बटण : फिरते घर सज्ज करताना

पनवेल तालुक्यातील कोन, पळस्पे आणि कळंबोली या पट्ट्यात ‘ट्रेलर’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभी राहते ती न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर वाहून आणणारी लांबलचक गाडी. मोटारीमागे जोडून न्यायचे आणि मुक्कामी सोडून ठेवायचे चाकांवरचे छोटे घर या अर्थाने तो शब्द येथे अजून रुळलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरावॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून अशा फिरत्या घरांविषयीचे कुतूहल मात्र वाढले असून, जुन्या चासीवर किंवा नव्याने बांधलेल्या सांगाड्यावर स्वतःच्या कल्पनेप्रमाणे घर सज्ज करून घेणारी कुटुंबे आता अधूनमधून दिसू लागली आहेत. अशा प्रत्येक कुटुंबापुढे एक प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा राहतो : जॅक, सायबान, पायरी, पाण्याचा पंप, चूल, पंखा यांपैकी काय हाताने चालवायचे आणि काय विजेवर सोपवायचे? प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाने कोन येथे सज्ज करून घेतलेल्या एका ट्रेलरच्या संदर्भात या प्रश्नाचे उत्तर प्रथम चुकीचे दिले गेले. त्या चुकीची मीमांसा करून इतरांच्या उपयोगी पडतील असे निष्कर्ष मांडणे हा या लेखाचा हेतू आहे.

संज्ञा आणि चौकट

फिरत्या घराचे दोन मुख्य प्रकार आहेत. इंजिन आणि घर एकाच चासीवर असले म्हणजे ती मोटार-कॅरावॅन होय, आणि घराला स्वतःचे इंजिन नसून ते दुसऱ्या वाहनाने ओढून न्यावे लागत असले म्हणजे तो ट्रेलर होय. भारतात पहिला प्रकार अधिक आढळतो. तथापि आतील साधनांच्या निवडीचे तत्त्व दोहोंना सारखेच लागू पडते, आणि ट्रेलरच्या बाबतीत त्यात जोडणी-सोडणीच्या साधनांची भर पडते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील व्याख्येत ट्रेलरचाही समावेश असल्यामुळे त्याची स्वतंत्र नोंदणी आवश्यक ठरते, आणि याच अधिनियमाचे कलम ५२ वाहनात मनाजोगते फेरफार करण्यावर मर्यादा घालते. म्हणून सांगाडा, वजन किंवा ब्रेक यांना हात लावणारे कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात (पनवेलच्या बाबतीत ‘एमएच ४६’ ही नोंदणी देणाऱ्या कार्यालयात) लेखी विचारणा करणे हे पहिले पाऊल असले पाहिजे. ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरमध्ये प्रवास चालू असताना एकाही माणसाने बसू नये, ही मर्यादाही आरंभीच मनात पक्की करावी.

कोन या गावाची जागा अशा घरासाठी स्वाभाविक मुक्कामाची आहे. जुना मुंबई-पुणे महामार्ग येथून बोरघाटाकडे जातो, जवळच्या पळस्पे फाट्यावरून गोव्याकडचा महामार्ग कोकणात उतरतो, आणि कोन-सावळा रस्ता रसायनीकडे वळतो. घाटमाथा, समुद्रकिनारा आणि भातखाचरांचा प्रदेश एवढ्या तीन दिशा एका ठिकाणाहून उघडत असल्यामुळे येथे सज्ज होणाऱ्या घराला घाटाचा चढ, किनाऱ्याची खारी हवा आणि कोकणचा पाऊस या तिन्हींना तोंड द्यावे लागते. साधनांची निवड या हवामानाला धरून करावयाची आहे. कोरड्या आणि थंड देशांत सोयीची ठरलेली साधने जशीच्या तशी येथे आणणे हेच पुष्कळ चुकांचे मूळ आहे.

शेजारच्या गाड्यांनी शिकवलेला भेद

न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाल्यापासून या परिसरात कंटेनर वाहतुकीचा जो विस्तार झाला, त्यात हाताचे आणि विजेचे काम कोणत्या तत्त्वाने वाटले गेले आहे हे लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. कंटेनर वाहणारा ट्रेलर पुढच्या घोड्यापासून, म्हणजे इंजिन असलेल्या भागापासून, सोडवला जातो तेव्हा त्याचा पुढचा भार दोन लोखंडी पायांवर उभा राहतो. या पायांना ‘लँडिंग लेग’ म्हणतात, आणि अनेक टनांचा भार पेलणारे हे पाय सर्रास हाताने हँडल फिरवून खाली-वर केले जातात. त्या हँडलला दोन गती असतात : पाय मोकळा असताना भराभर सरकवण्याची एक, आणि भार आल्यावर पुष्कळ फेऱ्यांत थोडासा उचलण्याची दुसरी. दुसऱ्या गतीत वेळ जास्त लागतो, परंतु एका माणसाच्या हाताचे बळ पुरते. याउलट मासे, फळे किंवा औषधे नेणारा शीतकंटेनर, ज्याला व्यवसायात ‘रीफर’ म्हणतात, तो यार्डात उभा असतानाही विजेच्या जोडणीवर ठेवला जातो, आणि रस्त्यावर असताना त्यासाठी जनरेटर चालवला जातो. कारण थंडावा राखण्याचे काम दिवसरात्र, क्षणाचाही खंड न पडता करावे लागते आणि ते कोणाच्याही हातांना शक्य नाही.

या वाटणीत संपूर्ण विषयाचे सार आहे. मुक्कामाला एकदाच करावयाचे, थोडा वेळ चालणारे, पण फसले तर गाडीच अडकवून ठेवणारे काम हाताच्या आटोक्यात ठेवलेले आहे. अखंड चालणारे आणि माणसाच्या जागेपणापलीकडचे काम विजेकडे सोपवलेले आहे. प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाचा ट्रेलर ज्या यार्डाच्या कडेला उभा असे, तेथे ही वाटणी रोज डोळ्यांसमोर होती, आणि तरीही घर सज्ज करताना तिचा विचार झाला नाही.

प्रत्यक्ष काय घडले

ट्रेलर सज्ज करताना शक्य ते सर्व विजेवर घेण्याचा निर्णय झाला. जोडणीच्या दांड्याखालचा जॅक विजेचा, बाहेरचे गुंडाळते सायबान विजेचे, दारातली पायरी विजेची, पाण्याचा पंप विजेचा, स्वयंपाकासाठी इंडक्शन शेगडी आणि त्यासाठी इन्व्हर्टर, असा सारा थाट होता. वीजपुरवठ्यासाठी घरगुती इन्व्हर्टरला वापरतात तशी १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची ट्यूब्युलर बॅटरी आणि छतावर २०० वॅटचे सौर पॅनेल बसवण्यात आले. वायरिंग घराच्या वायरिंगचा चांगला अनुभव असलेल्या कारागिराकडून करून घेण्यात आले. मे महिन्यातील अलिबागच्या बाजूचा पहिला प्रवास सुखाचा झाला, बटणे दाबताच कामे होत गेली, आणि निवड योग्य असल्याची खात्री सर्वांना वाटू लागली.

जुलैमध्ये हाच ट्रेलर कोनजवळ भातखाचरांच्या कडेच्या सखल जागेत तीन दिवस मुक्कामाला होता आणि पाऊस थांबत नव्हता. तिसऱ्या संध्याकाळी पाण्याने चाकांना वेढा घातल्यावर ट्रेलर उंच जागी हलवण्याचे ठरले. ट्रेलर मोटारीला जोडण्यासाठी त्याचा दांडा जॅकने वर उचलून मोटारीच्या मागच्या गोळ्यावर आणावा लागतो. जॅकचे बटण दाबले असता त्याच्या विजेच्या मोटारीने कण्हल्यासारखा आवाज केला, दांडा दोन बोटे वर आला आणि तेथेच थांबला. त्याच सुमारास उघड्या राहिलेल्या सायबानावर पाणी साचून कापडाची झोळी झाली होती, आणि ते गुंडाळणारी मोटारही हलेना. वाऱ्याच्या झोताने सायबानाचा एक हात वाकला आणि अखेर कापड सुरीने फाडून मोकळे करावे लागले. जॅकच्या डोक्यावर रबरी बुचाखाली हाताचे हँडल बसवण्यासाठी खाच होती, परंतु हँडल मूळ खोक्यात आणि ते खोके घरी पनवेलला राहिलेले होते. शेजारी उभ्या असलेल्या एका कंटेनर ट्रेलरचा चालक स्वतःचा बॉटल जॅक आणि लाकडी ठोकळे घेऊन न बोलावता आला. त्याने दहा मिनिटांत दांडा उचलून दिला, आणि ट्रेलर बाहेर निघाला. कोणालाही इजा झाली नाही, ही त्या संध्याकाळची सर्वांत मोठी प्राप्ती मानली पाहिजे.

दोष नेमका कोठे होता

या प्रसंगानंतर पहिला निष्कर्ष असा काढला गेला की विजेचा जॅक फार वीज खातो, म्हणून तो काढून टाकावा. हिशेब मांडल्यावर तो निष्कर्ष चुकीचा ठरला. विजेचा जॅक भाराखाली सुमारे ३० अँपिअर प्रवाह घेतो असे धरले तर १२ व्होल्टवर ती ३६० वॅट शक्ती होते. परंतु तो जेमतेम तीन मिनिटे चालतो, म्हणून एका वापराला खर्च होणारी ऊर्जा केवळ १८ वॅट-तास भरते, म्हणजे २५ वॅटचा एक पंखा पाऊण तास चालवण्याइतकी. वॅट-तास हे ऊर्जेचे माप असून ते शक्तीला वेळेने गुणून मिळते. आणि दोन साधनांची तुलना करताना शक्तीवर नजर ठेवून वेळ विसरणे ही सर्वांत सामान्य गफलत आहे.

बॅटरी रिकामी केली ती शांतपणे चालणाऱ्या साधनांनी. ५० वॅटचा फ्रिज दिवसरात्रीत निम्मा वेळ चालला तरी ६०० वॅट-तास घेतो, २५ वॅटचे दोन पंखे दहा तास फिरले तर ५००, दिवे सुमारे १०० आणि फोन सुमारे ५०. अशी रोजची गरज १,२५० वॅट-तासांच्या घरात जाते. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॅट-तास असतात, पण शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून वापरायोग्य साठा ९०० मानावा. उन्हाळ्यात सौर पॅनेल दिवसाला ८०० वॅट-तासांच्या आसपास देत असल्याने उणीव झाकली गेली. आषाढातल्या दाट ढगांखाली तेच पॅनेल त्याचा लहानसा अंश देऊ लागताच बॅटरी पहिल्याच रात्री निम्म्याखाली गेली. इंडक्शन शेगडीने त्यात भर घातली, कारण १,८०० वॅटची शेगडी वीस मिनिटे चालली तरी ६०० वॅट-तास, म्हणजे वापरायोग्य साठ्याचा दोन-तृतीयांश भाग, एका जेवणाला संपतो.

दुसरा दोष वायरीत होता, आणि तो अधिक शिकवणारा आहे. घराच्या २३० व्होल्टच्या वायरिंगमध्ये ३६० वॅटच्या उपकरणाला दीड अँपिअरच्या थोडाच वर प्रवाह लागतो, म्हणून तेथे ‘अडीचची वायर’, म्हणजे २.५ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची वायर, ऐसपैस ठरते. तेच काम १२ व्होल्टवर करायचे तर प्रवाह सुमारे एकोणीसपट होतो. बॅटरीपासून जॅकपर्यंत सहा मीटर अंतर, जाण्यायेण्याचे मिळून बारा मीटर, एवढ्या अडीचच्या वायरीचा रोध सुमारे ०.०८४ ओहम भरतो, आणि तिच्यातून २५ अँपिअर वाहिले तर २.१ व्होल्ट वायरीतच खर्च होतात. उतरून ११.८ व्होल्टवर आलेल्या बॅटरीतून मोटारीपर्यंत मग दहा व्होल्टही पोहोचत नाहीत. कमी दाबाने मोटार मंदावते, आणि भार उचलण्यास पुरेसे बळ न उरल्यास जागीच थांबते. ‘दहाची वायर’ वापरली असती तर ही घट अर्ध्या व्होल्टवर आली असती. कारागिराने हयगय केली असे म्हणता येत नाही. त्याने घराचा नियम गाडीला लावला, आणि तो लावू नये हे सांगण्याची जबाबदारी घर बांधून घेणाऱ्यांची होती.

तिसरा दोष टर्मिनलांचा. दमट आणि खाऱ्या हवेत तांब्याच्या उघड्या टोकांवर हिरवट थर चढतो आणि सांध्याचा रोध वाढतो. कोकणात फिरणाऱ्या गाडीत म्हणूनच कथिलाचा मुलामा दिलेली वायर, पिळून न बांधता दाबून बसवलेली टर्मिनले आणि त्यांवर उष्णतेने आवळणारी नळी यांना पर्याय नाही. चौथा आणि सर्वांत मोठा दोष विजेचा नव्हताच : हाताचा मार्ग साधनात होता, पण तो मार्ग उघडणारे हँडल जागेवर नव्हते.

निवडीचे चार प्रश्न

यावरून असे दिसते की ‘हाताचे की विजेचे’ हा प्रश्न संपूर्ण घराला एकदम विचारता येत नाही. तो प्रत्येक कामाला वेगळा विचारावा लागतो, आणि त्याची चार अंगे आहेत. पहिले, हे काम किती वेळा आणि किती वेळ चालते? दुसरे, ते भर पावसात, रात्री, बॅटरी उतरलेली असताना फसले तर केवळ गैरसोय होते की गाडी, माणसे किंवा घर अडकते? तिसरे, बिघाड झाल्यास जवळच्या वाडीत किंवा फाट्यावर मिळणाऱ्या हत्यारांनी आणि माणसांनी तो दुरुस्त होतो का? आणि चौथे, हाताने करायचे ठरले तर ते प्रत्यक्षात कोणाच्या हातांनी होणार आहे?

तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व महाराष्ट्राच्या हातपंपाच्या इतिहासाने फार पूर्वीच सिद्ध केले आहे. दुष्काळी भागांत विंधन विहिरी घेतल्या जाऊ लागल्या तेव्हा त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबाच्या वापराच्या कल्पनेने घडवलेले होते, आणि दिवसभर सारे गाव त्यांवर पाणी भरू लागताच ते मोडत. त्यावर जालना येथील मिशनच्या कार्यशाळेत आणि पुढे सोलापूरला सुधारित पंप तयार झाले. सोलापूर पंपात दांड्याची हालचाल एका खुंटाळ्यावर आणि साखळीवर आणल्याने तो टिकाऊ झाला, आणि त्याच्याच आधारे युनिसेफच्या साहाय्याने १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क २’ हा देशभर आणि देशाबाहेर पोहोचलेला हातपंप घडला. परंतु या मजबूत पंपाचाही जमिनीखालचा भाग बिघडला की सगळे पाइप वर काढण्यासाठी साधनसामग्रीसह बाहेरचे पथक यावे लागे, म्हणून पुढे ‘मार्क ३’ मध्ये झडपा पाइप न काढता वर घेता येतील अशी रचना करण्यात आली. यातून निघणारा बोध असा की साधन हातचे आहे एवढ्याने ते भरवशाचे होत नाही. जितक्या हातांनी वापरले जाणार तितके ते दणकट हवे, आणि ज्यांच्या हाती आहे त्यांना ते दुरुस्त करता आले पाहिजे.

साधनवार मार्गदर्शन

जॅकच्या बाबतीत स्क्रूवर चालणारा जॅक घ्यावा. स्क्रूचे आटे जवळजवळ असल्याने घर्षणच भार धरून ठेवते आणि हँडल सोडले तरी दांडा खाली येत नाही. तेलाच्या दाबावर चालणारा बॉटल जॅक उचलायला उत्तम असला तरी त्याच्या सीलमधून तेल पाझरल्यास तो हळूहळू बसतो, म्हणून त्याच्यावर घर रात्रभर ठेवू नये. विजेचा जॅक म्हणजे मूळ स्क्रू-जॅकला जोडलेली मोटार होय, आणि हाताने फिरवण्याची खाच असेल तर तो घेण्यास हरकत नाही. मात्र हँडल जॅकशेजारीच साखळीने बांधलेले असावे आणि रबरी बूच दर पावसाळ्यापूर्वी बदलावे. चार कोपऱ्यांचे आधारपाय घर हलू नये म्हणून असतात, उचलण्यासाठी नव्हेत, आणि ते हाताचेच पुरे आहेत. चाकांखालचे लाकडी ठोकळे आणि यांत्रिक हातब्रेक यांना विजेचा पर्याय शोधूच नये.

सायबान हाताचे घ्यावे. वळवाच्या पावसाआधीचा वारा काही मिनिटांत अंगावर येतो, आणि हँडल फिरवून कापड गुंडाळायला तेवढा वेळ पुरतो. विजेचे घ्यायचेच असेल तर वाऱ्याची जाणीव होऊन आपोआप मिटणारी यंत्रणा बॅटरी जिवंत असेपर्यंतच उपयोगी असते हे लक्षात ठेवावे, आणि कोणतेही सायबान रात्री किंवा घराबाहेर जाताना उघडे ठेवू नये. पायरी आणि पलंग यांबाबत घडीची साधी रचना पुरेशी आहे.

पाण्यासाठी दोन्ही साधने ठेवणे हिताचे. मिनिटाला सुमारे दहा लिटर देणारा ७० वॅटच्या आसपासचा पंप चार माणसांचे ८० लिटर पाणी आठ-दहा मिनिटांत उपसतो आणि त्याला फार तर १२ वॅट-तास लागतात, म्हणून विजेच्या दृष्टीने तो निरुपद्रवी आहे. त्याचा धोका वेगळा आहे : नळीचा सांधा निसटला तर दाब राखण्यासाठी तो आपोआप चालू राहतो आणि टाकी जमिनीवर रिकामी होते, म्हणून निजताना आणि प्रवासात त्याचे बटण बंद असावे. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी पायाने दाबायचा छोटा पंप बसवला तर बॅटरीशिवाय पाणी मिळते आणि प्रत्येक दाबाबरोबर किती पाणी खर्च झाले हे कळत असल्यामुळे काटकसर आपोआप होते.

स्वयंपाकासाठी गॅस आणि लायटर ही जोडी बॅटरीवरच्या इंडक्शनपेक्षा श्रेयस्कर आहे, पण तिच्यासोबत शिस्त येते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर बाहेरून उघडणाऱ्या वेगळ्या कप्प्यात असावा, कप्प्याला तळाशी झरोका असावा, आणि प्रवासात सिलिंडरची झडप बंद असावी. बंद घरात ज्योत पेटवून ऊब घेणे जिवावर बेतू शकते.

पंखा, दिवा आणि फ्रिज हे विजेचेच असावेत, आणि त्यांबाबत हाताचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. कोकणातल्या वैशाखात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात पत्र्याच्या घरात पंख्याशिवाय झोप अशक्य आहे. मात्र दोन दिवसांच्या प्रवासाला फ्रिजऐवजी बर्फाची पेटी पुरते आणि बॅटरीवरचा सर्वांत मोठा भार उतरतो. गॅसगळती, धूर आणि कार्बन मोनॉक्साइड यांची सूचना देणारी उपकरणेही विजेचीच हवीत, कारण माणूस झोपल्यावर जागे राहणे हेच त्यांचे काम आहे.

वीजव्यवस्थेबाबत तीन गोष्टी अनिवार्य मानाव्यात. बॅटरी ठरावीक पातळीखाली जाताच फ्रिज आणि इतर सोयीची साधने तोडणारा स्विच बसवावा, म्हणजे जॅकपुरता साठा नेहमी शिल्लक राहील. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलालगत असावा, आणि घरातल्या एसी प्रवाहाचा एमसीबी डीसी प्रवाहाच्या ओळीवर वापरू नये, कारण डीसी प्रवाहाची ठिणगी तोडणे अधिक कठीण असते. मुक्कामी बाहेरून २३० व्होल्ट घेतल्यास ३० मिलिअँपिअर गळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग असल्याखेरीज ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या पत्र्याच्या घरात कोणालाही पाय ठेवू देऊ नये.

हात कोणाचे?

हाताच्या साधनांचा कैवार घेताना एक गोष्ट नजरेआड होऊ देणे अन्यायाचे ठरेल. ज्या घरांत पाणी हाताने उपसले गेले आणि वाटण पाट्यावर वाटले गेले, तेथे ते श्रम बहुधा घरातल्या बायकांच्या वाट्याला आले. विजेने आलेली सुटका ही त्यांच्यासाठी चैन नव्हती. फिरत्या घरातही ‘हाताने करू’ असे म्हणणारा आणि प्रत्यक्ष हँडल फिरवणारा हे वेगळे असू नयेत. गुडघेदुखी असलेल्या आजीला उंच घडीची पायरी, सांधे आखडलेल्या आजोबांना साठ फेऱ्यांचे हँडल, किंवा एकट्याने प्रवास करणाऱ्या व्यक्तीला भर पावसातला जड दांडा, हे अडथळेच आहेत. तेथे विजेचे साधन निःसंकोच घ्यावे, फक्त त्याचा हाताचा मार्ग मोकळा आहे आणि तो घरातल्या किमान दोघांना चालवता येतो, एवढे पाहावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळल्यानंतर जिल्ह्यातल्या अनेक गावांनी वीज नसलेले कित्येक दिवस काढले. बटण निकामी होते तेव्हा घराचा आधार शेवटी माणसांचे हात आणि त्यांना ठाऊक असलेली कामे हाच असतो, हे त्या दिवसांनी जिल्ह्याला दाखवून दिले आहे.

निघण्यापूर्वीची एक परीक्षा

या साऱ्या विवेचनाची कसोटी एका दिवसात घेता येते, आणि कोणत्याही लांबच्या प्रवासापूर्वी ती घ्यावी. अंगणात किंवा यार्डात ट्रेलर उभा करून बॅटरीचे टर्मिनल सोडून ठेवावे, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत घरातल्या माणसांनी त्यात राहावे. पाणी घेता येते का, चूल पेटते का, दार आतून उघडते का, सायबान मिटते का, आधारपाय उचलतात का, आणि शेवटी दांडा वर घेऊन ट्रेलर मोटारीला जोडता येतो का, हे एकेक करून पाहावे. जे काम अडेल त्याची नोंद करावी, आणि अडलेले काम केवळ सोयीचे आहे की सुटकेचे आहे हे त्या नोंदीसमोर लिहावे. सोयीचे काम अडले तर चालेल, सुटकेचे एकही काम अडता कामा नये.

कोनच्या त्या ट्रेलरची ही परीक्षा दुरुस्तीनंतर घेण्यात आली. विजेचा जॅक आजही त्यावर आहे, दहाच्या वायरीवर आहे, आणि त्याचे हँडल दांड्याला साखळीने बांधलेले आहे. सायबान हाताचे झाले आहे, इंडक्शन शेगडी घरी परतली आहे, आणि ओट्याखाली पायाचा पंप आला आहे. साधनांच्या पेटीत एक बॉटल जॅक आणि दोन लाकडी ठोकळेही आहेत. जुलैच्या त्या संध्याकाळी पाण्यातून चालत आलेल्या चालकाकडे ज्या मापाचे होते, त्याच मापाचे ते मुद्दाम घेतलेले आहेत, म्हणजे पुढे कोणाचा ट्रेलर अडला तर ते घेऊन जाता यावे.